झोपलेला मुलगा सगळं ऐकत असतो

"आमचा मुलगा 9 वर्षांचा आहे. जन्मतःच हृदयात दोष होता, टेट्रालॉजी ऑफ फॅलो. 11 महिन्यांचा असताना ओपन हार्ट ऑपरेशन झालं, त्यानंतर तो छान वाढला. गेल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप गळते आहे, उजवा कप्पा मोठा होत चालला आहे, काही महिन्यांत झडप बदलावी लागेल. आम्ही त्याला काहीच सांगितलेलं नाही. जे बोलायचं ते तो झोपल्यावर बोलतो. पण तेव्हापासून त्याचं बिनसलं आहे. रात्री दचकून उठतो, छातीत धडधडतं म्हणतो. परवा दिवा घालवल्यावर त्याने विचारलं, 'बाबा, मी मरणार आहे का?' मी म्हटलं, 'वेड्यासारखं बोलू नकोस, झोप.' पत्नी त्याला पहिल्यापासून धावू देत नाही, अजूनही रात्री उठून त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास बघते. शाळेतून तक्रार येते की लक्ष नसतं, सांगितलेलं विसरतो. मोठी मुलगी 13 वर्षांची आहे, ती हल्ली खोलीतून बाहेरच येत नाही. मुलाला ऑपरेशनचं सांगायचं का? सांगितलं तर जास्तच घाबरणार नाही का?"

— एक वडील

नमस्कार.

आधी एक काम सांगते, ते उद्याच करा. छातीत धडधडतं असं तो म्हणतो, हे त्याच्या बालहृदयरोगतज्ज्ञांना फोन करून कळवा. फॅलोची दुरुस्ती झालेल्या हृदयात पुढे ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि उजवा कप्पा ताणलेला असेल तर ही शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते. ईसीजी होऊ दे, डॉक्टरांना गरज वाटली तर हॉल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावू दे. ठोके ठीक आहेत असं त्यांनी सांगितलं की मगच आपण 'ही भीती आहे' असं म्हणायचं. आणि खेळताना चक्कर आली, शुद्ध हरपली, श्रमाने छातीत दुखलं, तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालयात न्या.

आता तुमचा प्रश्न. सांगायचं का?

तो निकालात निघालेला आहे आणि तो तुमच्या मुलानेच काढला. ज्याला काहीच माहीत नाही असा मुलगा दिवा घालवल्यावर बाबांना मरणाबद्दल विचारत नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना डॉक्टर एकाच जागी बराच वेळ थांबले, ते त्याने पाहिलं असेल. घरी येताना आई गप्प होती. रात्री दाराआडून अर्धीमुर्धी वाक्यं कानावर आली असतील. उरलेली वाक्यं त्याने स्वतः पूर्ण केली, आणि मुलं अशी वाक्यं पूर्ण करतात तेव्हा ती जवळजवळ नेहमीच खऱ्या गोष्टीपेक्षा भयंकर असतात. चार वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे लांब कुठेतरी जाणं वाटतं. नऊ वर्षांच्या मुलाला ते कायमचं असतं हे कळलेलं असतं. तुमचा मुलगा त्या वयात आहे.

त्याला आणखी एक गोष्ट कळली आहे, तीच मला जास्त सतावते. या विषयावर घरात बोलायचं नसतं, हे त्याला कळलं. 'झोप' या एका शब्दात कळलं. तुम्ही तो शब्द मायेनेच उच्चारलात, त्याबद्दल शंका नाही. पण आता ती भीती त्याच्या एकट्याची झाली आहे. सांगितलं तर तो घाबरेल का, याचं उत्तर हो, थोडा घाबरेल, रडेलही. फरक इतकाच, की तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारी बसलेले असाल.

म्हणून याच आठवड्यात सांगा. दोघांनी मिळून, आणि दिवसाउजेडी, झोपायच्या वेळी नको. सुरुवात सांगण्याने करू नका, विचारण्याने करा. "त्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो होतो ना, तेव्हा ते काय बोलत होते असं तुला वाटलं?" तो जे सांगेल ते मध्ये न तोडता ऐका. त्यात भलतंच काहीतरी निघेल. हृदय काढून टाकणार आहेत, असं समजून बसलेली मुलं असतात. आपण धावलो म्हणून झडप खराब झाली, असं मानणारी तर खूप असतात, आणि ज्या घरात 'धावू नकोस' हे रोज ऐकू येतं तिथे जास्त. हा गैरसमज त्याने बोलून दाखवला नाही तरी तुम्ही स्वतःहून खोडा: "हे तुझ्या काही करण्यामुळे झालेलं नाही. तू पोटात होतास तेव्हाच तुझं हृदय वेगळं तयार झालं होतं."

मग खरी गोष्ट, त्याला पेलेल अशा शब्दांत. मी असं काहीतरी सांगेन: "तू बाळ होतास तेव्हा डॉक्टरांनी तुझ्या हृदयातलं छिद्र बंद केलं आणि फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोठी केली. त्या वाटेवर एक दार असतं. ते आता नीट मिटत नाही, म्हणून बाहेर गेलेलं रक्त थोडं परत आत येतं आणि हृदयाला तेच काम पुन्हा करावं लागतं. डॉक्टर तिथे नवीन दार बसवणार आहेत. तुला झोपेचं औषध देतील, ते साध्या झोपेसारखं नसतं, त्यात दुखलेलं कळत नाही. काम झाल्यावर ते तुला जागं करतील." एवढं पुरे. झडप छाती उघडून बदलणार की पायाच्या शिरेतून नळी घालून, हे अजून ठरलं नसेल तर "डॉक्टर ते ठरवताहेत, कळलं की आम्ही तुला सांगू" असं म्हणा. आणि खरंच सांगा.

इतकं बोलून झाल्यावर तो कदाचित विचारेल, "मी आता खेळायला जाऊ?" त्याला काही वाटलंच नाही, असं समजू नका. मुलं जड गोष्टी घोट-घोट घेतात. दोन दिवसांनी दात घासताना पुढचा प्रश्न येईल. तेव्हा हातातलं काम ठेवा.

त्याने जो प्रश्न आधीच विचारला आहे, त्याला उत्तर मिळालेलं नाही. त्या प्रश्नाकडे परत जा, त्याने पुन्हा विचारायची वाट पाहू नका: "तू त्या रात्री मला मरणाबद्दल विचारलं होतंस. मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. कशामुळे असं वाटलं तुला?" आणि मग: "ऑपरेशन मोठं आहे. हे डॉक्टर असं काम नेहमी करतात आणि मुलं बरी होऊन घरी जातात. तू बरा होशील असं डॉक्टरांना आणि आम्हांला वाटतं, म्हणूनच आपण हे करतोय." 'तुला काहीही होणार नाही' असं वचन देऊ नका. मुलांना खोटं वचन ऐकू येतं, आणि पुढची खरी वचनंही मग स्वस्त होतात. अनुभवी केंद्रांत झडप बदलण्याच्या या ऑपरेशनची जोखीम कमी मानली जाते, पण तुमच्या मुलाच्या हृदयाचा हिशोब त्याच्या सर्जनकडूनच घ्या. तुमच्याजवळ खरा आकडा असला तर बोलताना तुमचा आवाजही वेगळा येईल.

रुग्णालयाची तयारी हा स्वतंत्र भाग आहे. त्याची सविस्तर चर्चा ऑपरेशनच्या साधारण आठवडा-दोन आठवडे आधी करा. या वयाच्या मुलाला महिनोन् महिने आधी नळ्यांचे तपशील दिले तर तो ते रोज उगाळत बसतो. अगदी लहान मुलाला एक-दोन दिवस आधी सांगितलेलं पुरतं, किशोरवयीन मुलाला मात्र ठरल्या दिवसापासून चर्चेत घ्यावं लागतं. वॉर्ड आधी दाखवता येईल का, ते विचारा. आयसीयूत जाग येईल तेव्हा काय दिसेल, हे त्याला आधीच माहीत हवं: छातीवर पट्टी, छातीतून आणि हातातून नळ्या, बीप करणारं यंत्र, कदाचित घशात नळी असल्यामुळे थोडा वेळ बोलता न येणं. बोलता आलं नाही तर हाताने काय खुणा करायच्या, हे घरीच ठरवा. वॉर्डातल्या नर्सना याची माहिती द्या. बिनसुईची सिरिंज, पट्टी, जुना स्टेथोस्कोप मिळाला तर एखाद्या बाहुलीवर त्यालाच डॉक्टर होऊ द्या. नऊ वर्षांचा मुलगा आधी 'हे काय बाळांसारखं' म्हणेल, मग दार लावून तासभर खेळेल.

सुईबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हृदयाच्या मुलांच्या आठवणीत ऑपरेशनपेक्षा सुयाच जास्त ठसलेल्या असतात. 'दुखणार नाही' असं कधीही म्हणू नका. 'टोचताना दुखेल, मग कमी होईल' असं म्हणा. त्वचा सुन्न करणारं मलम मिळतं, ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, तेव्हा वेळेवर मागा. त्याला आडवं दाबून धरण्यापेक्षा तुमच्याजवळ बसवून हात घेता येईल का, ते विचारा. दाबून धरलेल्या मुलाला वेदनेपेक्षा असहायपणा जास्त लक्षात राहतो. कोणता हात, आकडे मोजायचे की गोष्ट ऐकायची, सुईकडे बघायचं की नाही, एवढी निवड त्याची. 'सुई टोचायची की नाही' अशी खोटी निवड मात्र देऊ नका. आणि घरात कुणी 'ऐकलं नाहीस तर डॉक्टर इंजेक्शन देतील' असं म्हणत असेल तर ते आजपासून बंद.

भूल देईपर्यंत तुमच्यापैकी एकजण जवळ राहू शकेल का, हे भूलतज्ज्ञांना विचारायला संकोचू नका. मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना ठरावीक वेळीच भेटू देत, तो काळ फार जुना नाही. ब्रिटनमध्ये 1959 सालच्या प्लॅट अहवालाने ही बंधनं काढावीत अशी शिफारस केली, त्यानंतर ती हळूहळू सैल झाली. रुग्णालयाने नाही म्हटलं तर निदान डोळे उघडतील तेव्हा कोण दिसेल, हे त्याला खरं सांगता येईल.

आता तुमच्या पत्नीबद्दल, आणि तुमच्याबद्दल.

पत्नी रात्री त्याच्या छातीवर हात ठेवते, असं तुम्ही लिहिलंत. त्यात मला काहीच विचित्र वाटत नाही. 11 महिन्यांचं बाळ ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत जाताना जिने पाहिलं, तिच्यासाठी ती रात्र अजून संपलेली नाही. गंभीर हृदयदोष असलेल्या मुलांच्या पालकांत आघातानंतरच्या तणावाची लक्षणं खूप आढळतात, वर्षानुवर्षं टिकतात, आणि ती कुणी विचारतच नाही. सगळे मुलाचा इको बघतात. पण त्या हाताचा मुलावर काय परिणाम होतो, तेही बघायला हवं. रात्री अर्धवट झोपेत त्याला कळतं, की आपला श्वास कुणाला तरी मोजावा लागतो. मग तोही मोजू लागतो. 1991 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की या मुलांचं मानसिक स्वास्थ्य हृदयदोष किती गंभीर आहे यापेक्षा आईला तो कसा वाटतो आणि ती किती तणावात आहे याच्याशी जास्त जुळलेलं होतं. हे वाक्य आयांवर फेकण्यासाठी वापरू नका, कृपा करून. याचा दुसरा अर्थ आशेचा आहे: हृदयाची रचना आपल्या हातात नाही, आईवडिलांचा ताण मात्र कमी करता येतो. बेलफास्टमध्ये शाळेत जाऊ लागलेल्या हृदयदोषाच्या मुलांच्या कुटुंबांसाठी असा कार्यक्रम केला गेला. पालकांना अडचणी सोडवण्याची पद्धत शिकवली, आजाराची नीट माहिती दिली, मुलांसोबत खेळातून काम केलं. 2012 साली त्याचे निष्कर्ष आले: आयांची मनःस्थिती सुधारली, त्यांना मुलं कमी 'आजारी' वाटू लागली, आणि मुलांच्या शाळेतल्या गैरहजेऱ्या कमी झाल्या.

तुम्ही पत्नीच्या भीतीबद्दल लिहिलंत, मुलाच्या भीतीबद्दल लिहिलंत, मुलीच्या गप्पपणाबद्दल लिहिलंत. स्वतःबद्दल अक्षर नाही. 'वेड्यासारखं बोलू नकोस' हे कोण बोललं असेल? एक घाबरलेला माणूसच असं बोलतो. तेव्हा समुपदेशकाकडे पत्नीला 'पाठवू' नका, दोघे जा. मुलासमोर तुमचे डोळे भरले तर भरू देत. 'मलाही थोडी भीती वाटते, म्हणून मी डॉक्टरांना सगळे प्रश्न विचारले' असं म्हणणारा बाप मुलाला फार उपयोगी पडतो. रात्रीचा हात एकदम बंद होणार नाही. डॉक्टरांनी ठोके ठीक आहेत म्हटल्यावर पत्नीने आधी दारातूनच बघावं, मग एकदाच बघावं, असं करत करत तो सुटतो.

धावण्याचं काय? याचं उत्तर तुमच्या भीतीने किंवा माझ्या सल्ल्याने द्यायचं नाही. हृदयदोष असलेल्या बहुतेक मुलांनी खेळावं, हालचाल करावी, असंच आज तज्ज्ञ सांगतात. बंधनं थोड्यांनाच असतात. तुमच्या मुलाला आत्ता, झडप बदलण्याआधी, काय चालेल आणि काय नाही, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. 'जपून खेळू दे' असं मोघम उत्तर घेऊ नका. पोहणं चालेल का, शर्यत चालेल का, दम लागला तर किती थांबायचं, असं एकेक विचारा. तो कागद शाळेतही द्या. नाहीतर खेळाच्या तासाला त्याला बाकावर बसवून ठेवतात, आणि हृदयदोषापेक्षा तो बाक मुलाला जास्त वेगळं पाडतो.

ऑपरेशननंतर छाती उघडली असेल तर छातीचं हाड भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवरची बंधनं वेगळी. त्यांना शेवटची तारीख असते आणि ती तारीख त्याला सांगा. व्रणाबद्दल कुणी विचारलं तर एक वाक्य तयार ठेवायला त्याला मदत करा, "लहानपणी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं," एवढंच, आणि पुढे विषय बदलायचा. दाखवायचा की झाकायचा, हे त्याने ठरवायचं. शूरवीर म्हणून सगळ्यांना शर्ट वर करून दाखवायला लावणारे काका-मामा असतील तर त्यांना तुम्हीच आवरा.

शाळेच्या तक्रारीकडे मात्र वेगळ्या नजरेने बघा. लक्ष नसतं, सांगितलेलं विसरतो, हे सगळं भीतीमुळे असू शकतं. रात्रीची झोप मोडली की दिवसा लक्ष राहत नाही. पण बाळपणी ओपन हार्ट ऑपरेशन झालेल्या मुलांत लक्ष टिकवणं, कामं क्रमाने लावणं, लक्षात ठेवणं या अडचणी इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात. याची कारणं जन्माआधीपासूनची असू शकतात: मेंदूला मिळणारा रक्तपुरवठा, कमी ऑक्सिजन, पुढे ऑपरेशन आणि रुग्णालयातला काळ. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 सालीच सांगितलं, की अशा मुलांची विकासाची तपासणी ठरावीक टप्प्यांवर व्हावी, कुणाची तक्रार येण्याची वाट बघू नये. 2022 साली त्यांनी मानसिक आरोग्याबद्दलही स्वतंत्र निवेदन काढलं. पूर्वी हे विषय निघत नसत, कारण ही मुलं जगलीच तर पुरे होतं. फॅलोसारख्या दोषामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पडून निळसर दिसणाऱ्या 'निळ्या बाळां'साठीचं पहिलं ऑपरेशन 1944 साली झालं, हृदयाच्या आतली संपूर्ण दुरुस्ती त्यानंतर दहा वर्षांनी. आज ही बाळं मोठी होऊन नोकऱ्या करताहेत, आणि अनेक देशांत जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांपेक्षा प्रौढांचीच संख्या जास्त आहे. तेव्हा मुलाला 'आळशी' म्हणू नका, बालमानसशास्त्रज्ञाकडून चाचण्या करून घ्या. शक्य असेल तर ऑपरेशनच्या धामधुमीत नको, थोडं स्थिरावल्यावर. लक्ष वाढवण्याचं औषध कुणी सुचवलं तर हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय सुरू करायचं नाही, आणि मनाच्या इतर औषधांनाही हाच नियम.

तुमच्या मुलीला वेगळं बसवून तीच माहिती द्या, तिच्या वयाला शोभेल अशी थोडी जास्त. 13 वर्षांच्या मुलीला दाराआडचं तुमच्या मुलापेक्षाही जास्त ऐकू आलेलं आहे. तिला भावाचा राग येत असेल आणि रागाची लाजही वाटत असेल, दोन्ही चालतं, असं तिला सांगा. तिच्यावर जबाबदाऱ्या टाकू नका. आठवड्यात एक वेळ अशी ठेवा की जेव्हा हृदयाचा विषय निघणार नाही आणि तुमच्यापैकी एकजण फक्त तिचा असेल.

तज्ज्ञांकडे कधी जायचं? तुमच्याशी बोलणं झाल्यावर तीन-चार आठवड्यांत झोप सुधारली नाही, शाळेला जायला नकार देऊ लागला, खाणं सुटलं, तपासणीच्या नावानेच थरथर कापू लागला, तर ऑपरेशनची तारीख येण्याआधीच बालमानसशास्त्रज्ञांना भेटा. भीतीवर काम करायला काही बैठका हाताशी हव्यात, आदल्या दिवशी ते होत नाही. घरी परतल्यावर पहिले काही आठवडे अंथरूण ओलं होणं, चिकटून राहणं, चिडणं, वाईट स्वप्नं हे अपेक्षित आहे, त्यावरून रागावू नका. महिना उलटूनही ते ओसरलं नाही, किंवा तो त्या आठवणी पुन्हा पुन्हा जगतोय असं दिसलं, तर मदत घ्या. जगायचं नाही, स्वतःला इजा करायची, असं काही बोलला तर त्याच दिवशी.

पुढच्या तपासणीला जाण्याआधी त्याला एक कागद द्या आणि डॉक्टरांना विचारायचे त्याचे प्रश्न त्यालाच लिहू द्या. आत गेल्यावर आधी त्याचे प्रश्न होऊ देत, मग तुमचे. आणि डॉक्टर उत्तर देताना तुमच्याकडे बघू लागले, तर त्यांना सांगा, प्रश्न त्याने विचारला आहे.